डोक्यावर पेटी असलेली अक्षरं

वैनगंगेच्या काठावरच्या पवनीशी ब्राह्मी लिपीची दोन रूपं जोडलेली आहेत. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तेव्हा बौद्ध स्तूपाच्या दगडी अवशेषांवर दान देणाऱ्यांची नावं मिळाली. ती अक्षरं सडपातळ, साध्या रेघांची आहेत. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला एक ताम्रपट याच पवनीच्या नावानं ओळखला जातो. तोवर लिपी पुरती बदलली होती. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर लहानसा चौकोन असतो, कुठे पोकळ, कुठे भरीव. खालचं अंगही काटकोनात वळलेलं. अभ्यासक हिला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. वाकाटकांचे कोरीव लेख वा. वि. मिराशींनी १९६३ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. त्यातले ठसे पाहताना माझी नजर मजकुराआधी त्या चौकोनांच्या रांगेवरच जाते.

आज जाहिरातीत, सिनेमाच्या नावात, सामन्याच्या धावफलकावर जे जाड, कोनदार फॉन्ट दिसतात, त्यांच्याशी या अक्षरांचं नातं मला फार जवळचं वाटतं. ताम्रपट रोज वाचायचा कागद नव्हता. तो गावाच्या दानाचा कायमचा पुरावा होता आणि त्यावर राजाचा रुबाब दिसायला हवा होता. धातूची अडचणही होतीच. पत्र्यावर सरळ घाव घालणं सोपं, पण गोलाईसाठी हत्यार सतत फिरवावं लागतं. पेटी मात्र केवळ सोयीची नाही, कारण तिच्यासाठी प्रत्येक अक्षरामागे जादा घाव लागतात. ती हौसेनं, दिमाखासाठी घडवलेली आहे.

जाड अक्षराचा खरा प्रश्न आतल्या मोकळ्या जागेचा असतो. रेघ जाड होत गेली की ‘ब’, ‘थ’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात. इथे कोन मदतीला येतो. चौकोनात नेमकं बसणारं वर्तुळ त्याची ७८.५ टक्केच जागा व्यापतं. म्हणजे तेवढ्याच उंची-रुंदीत चौकोनी पोट गोल पोटापेक्षा सुमारे २७ टक्के अधिक मोकळं राहतं. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘टेको’ या देवनागरी फॉन्टची ठेवण अशीच चौकोनी आहे. त्यामुळे अरुंद मथळ्यातही त्याचं अक्षर ठसठशीत उमटतं.

पण याच गुणामुळे लांबलचक मजकुरात असा फॉन्ट त्रास देतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक लहानशा वळणावर आणि गाठीवर उभा आहे. वळणं सरळ केली की अक्षरं एकमेकांसारखी दिसू लागतात आणि डोळा अडखळतो. म्हणून लग्नपत्रिकेवरची नावं या फॉन्टमध्ये जरूर छापावीत, खालचा पत्ता मात्र साध्या अक्षरात.

ब्राह्मीला २०१० पासून युनिकोडमध्ये जागा आहे. पेटी असलेलं रूप हा तिथे वेगळा संकेतांक नाही, ती फॉन्टकारानं रेखायची शैली आहे. त्या शैलीतून देवनागरीचा एक फॉन्ट घडावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यात शिरोरेषा अखंड ठेवावी आणि प्रत्येक अक्षराच्या दांड्यावर पोकळ पेटी बसवावी. वेलांटी आणि रफार यांना पेटीवर पुरेशी उंची द्यावी, नाहीतर ‘र्की’सारखी अक्षरं तिथेच गुदमरतील. पवनीच्या वेशीवर गावाचं नाव पहिल्यांदा याच फॉन्टमध्ये लिहावं.