विश्लेषण : ताप एकच, वाटा अनेक… साथीचे आजार नेमके पसरतात कसे?

पावसाळा सुरू झाला, की ठाण्यातील वर्तकनगरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. सुरुवातीची लक्षणे सारखी वाटली, तरी प्रत्येक आजाराचा शरीरात शिरण्याचा मार्ग वेगळा असतो. मुखपट्टीने डेंग्यू रोखता येत नाही आणि धूरफवारणीने गोवर थांबत नाही. त्यामुळे हे मार्ग समजून घेणे गरजेचे ठरते.

घरातील पाणी धोकादायक का?

डेंग्यूचा विषाणू एडिस इजिप्ती डासाच्या मादीमार्फत पसरतो. हा डास गटारापेक्षा घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरील टायर ही त्याची आवडती ठिकाणे. तो मुख्यतः दिवसा चावतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते. मात्र भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, ते घासावे लागते.

पुराच्या पाण्याचा संबंध काय?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने डोके वर काढले. उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातील जिवाणू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरील जखमेतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. तोवर आपण पाण्यातून चाललो होतो, हेच रुग्ण विसरलेला असतो. डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवे.

हवेतून काय पसरते?

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत राहतो. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडीत त्याची साथ आली होती. नवव्या महिन्यात आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दिली जाणारी लस हाच त्यावरील उपाय. क्षयरोगही हवेतूनच पसरतो. २०२३ मध्ये जगभरात त्याने सुमारे साडेबारा लाख बळी घेतले.

दूरची साथ किती दूर?

जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी करोनाच्या नव्या उपप्रकाराला ‘ओमायक्रॉन’ नाव दिले. ४ डिसेंबरला राज्यातील पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत आढळला. तो दक्षिण आफ्रिकेतून दुबई, दिल्लीमार्गे आला होता. अंतर आता दिवसांत मोजावे लागते.

काय काळजी घ्यावी?

ताप आल्यास मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. डेंग्यूमध्ये त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा रक्तस्राव झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यावरच सुरू होतो.