चकाकीच्या खालचं काँक्रीट

तयार झालेली इपॉक्सीची जमीन पाहून तिच्याबद्दल फारसं काही कळत नाही. तिच्यात छताचे दिवे दिसतात, एकही सांधा दिसत नाही, आणि पाहणारा ‘वा’ म्हणून पुढे जातो. वास्तू विशेषांकासाठी संपादकांनी हा विषय दिला तेव्हा हाती आलेली माहितीपत्रकंही अशाच छायाचित्रांनी भरलेली होती. म्हणून काम चालू असलेली जागा शोधली. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची नवी शेड उभी राहिली होती. पाऊस नुकताच ओसरला होता, यंत्रं अजून यायची होती, आणि रिकाम्या काँक्रीटवर सहा-सात जणांची टोळी राबत होती.

टोळीचे मुकादम मूळचे बीडकडचे गवंडी. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी मला आधी दाखवला तो प्लास्टिकचा एक तुकडा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, पारदर्शक, चारी कडांनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट डकवलेला. असे तुकडे शेडभर ठिकठिकाणी होते. किमान सोळा तास ते तसेच ठेवायचे आणि मग उचलून पाहायचे. मधल्या भागातले कोरडे निघाले. मागच्या भिंतीलगतचा उचलला तर आतल्या बाजूला बारीक थेंब धरले होते आणि खालचं काँक्रीट काळसर पडलं होतं. मामांनी खडूने तिथे मोठा चौकोन आखला.

“इथं आज नाही. खालून पाणी येतंय.”

“अहो मामा, वरून तर सगळं सुकं दिसतंय,” कारखान्याचे सुपरवायझर म्हणाले.

“सुकंच दिसणार साहेब. येतंय तसं उडून जातंय ना ते. आपण वरनं झाकण घातल्यावर कुठं जाईल?”

जमिनीवर घालतात ते झाकण म्हणजे नेमकं काय, हे कळल्याशिवाय या प्रश्नाचं वजन लक्षात येत नाही.

इपॉक्सी रेझिनचा जन्म जमिनीसाठी झालेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हे रसायनशास्त्रज्ञ दंतवैद्यकाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत कवळीसाठी चांगला पदार्थ शोधत होते. त्यातून हे रेझिन हाती आलं आणि १९३८ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे ते बाझेलच्या सिबा कंपनीकडे गेलं, आणि १९४६ मध्ये तिथल्या औद्योगिक प्रदर्शनात ‘अराल्डाइट’ लोकांसमोर आलं. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली एका रंगांच्या कंपनीत त्याच सुमारास याच रसायनावर काम करत होते. आपल्याकडे दोन नळ्यांचं अराल्डाइट कपाच्या तुटलेल्या कानापासून चपलेच्या तळापर्यंत सगळीकडे पोचलं. जमिनीचं रसायनही त्याच जातकुळीतलं आहे, फक्त नळ्यांच्या जागी डबे. साइटवर त्यांना ‘ए पार्ट’ आणि ‘बी पार्ट’ म्हणतात. ए म्हणजे रेझिन, बी म्हणजे हार्डनर.

या दोघांचं प्रमाण कंपनीने वजन करून ठरवलेलं असतं आणि ते मोडता येत नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल, हा समज साइटवर सर्रास ऐकू येतो. पण इथे हार्डनर बाहेरून ढकलणारा मदतनीस नाही, तो स्वतः साखळीचा भाग होतो. रेझिनच्या प्रत्येक टोकाला पकडायला हार्डनरचा एक हात लागतो. हात उरले तर ते मोकळेच राहतात, आणि जमीन कायमची मऊ किंवा चिकट राहते. म्हणून मामांच्या टोळीत अर्धा डबा वापरायचा नाही असा दंडक आहे. डबा फोडला की पूर्ण, आणि बुडाला, कडेला लागलेलंही खरवडून मिश्रणात.

वाचकांना हवे असलेले प्रकार खरं तर जाडी आणि जागेची गरज यांवरून ठरतात. सगळ्यात साधा म्हणजे रोलरने मारलेला दोन हातांचा लेप, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा. धूळ बसवायला, तेलाचे डाग पुसायला तो पुरतो. त्याच्या वरचा दोन-तीन मिलिमीटरचा सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणारा. माहितीपत्रकातली चकाकी असते ती याचीच. जड सामान ओढलं जातं, लोखंड पडतं, तिथे क्वार्ट्झची वाळू कालवून थापीने घातलेला चार-सहा मिलिमीटरचा स्क्रीड. ओल्या जागी पाय घसरू नये म्हणून ओल्या थरावर वाळू भुरभुरवून वरून पुन्हा लेप देतात. औषधांच्या कारखान्यांत जमीन आणि भिंत यांचा कोन गोल वळवून घेतात, कारण तिथल्या नियमांना भेगा नसलेला, सहज धुता येणारा पृष्ठभाग लागतो आणि काटकोनात धूळ साठते. दूधडेअरी किंवा वाफ आणि उकळतं पाणी सांडणारं कारखान्याचं स्वयंपाकघर असेल तर तिथे इपॉक्सी घालूच नये. साध्या हवेत कडक झालेली इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. तिथे सिमेंट मिसळलेलं पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू काँक्रीट, सहा ते नऊ मिलिमीटर जाड घालतात.

मला या सगळ्यांत सर्वांत आवडली ती विद्युतभार वाहून नेणारी जमीन. इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडणाऱ्या कारखान्यांत ती लागते. चालताना माणसाच्या अंगावर स्थिर विद्युत साठते. साधारण ३,००० व्होल्टच्या आतला झटका आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही निकामी होऊ शकते. म्हणजे कामगाराने चिप मारली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून प्रायमरवर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी चिकटवतात, ती अर्थिंगला जोडतात आणि वर कार्बन किंवा वाहक तंतू मिसळलेला थर घालतात. प्लास्टिकच्या जातीचा हा पदार्थ एरवी वीज अडवतो. इथे त्याला ती हळूहळू सोडायला शिकवलेलं असतं. विद्युतरोध १० लाख ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान ठेवला की भार सावकाश जमिनीत उतरतो, आणि कुठे चुकून उघड्या तारेला हात लागला तरी जमीन माणसाला सरळ अर्थिंगशी जोडून देत नाही. दोन्ही बाजूंची काळजी घेणारा तो आकडा वाचल्यावर ज्याने तो ठरवला त्याच्याबद्दल मला आदर वाटला.

चाकणला सेल्फ लेव्हलिंग घालायचं होतं. कोरड्या निघालेल्या भागावर प्रायमर मारून झाला होता. ओतायची वेळ दुपारी चारची ठरवली. सकाळी का नाही? काँक्रीटच्या छिद्रांत हवा असते. दिवस चढतो तशी ती तापून फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते, त्यांची टाचणीएवढी भोकं वाळल्यावर तशीच राहतात. ऊन उतरणीला लागलं की काँक्रीट थंड होतं आणि हवा आत ओढून घेतं. मामांना हे कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही. एका शेडमध्ये सकाळी नऊला ओतलं आणि अकराला जमिनीला देवी आल्या, असं त्यांनी सांगितलं.

चार वाजता सगळे एकदम गंभीर झाले. मिसळणारा मुलगा ड्रिल कमी वेगावर ठेवून बादलीत फिरवत होता, वेग वाढला तर हवा आत जाते. मिश्रण एकजीव झालं की घड्याळ सुरू. बादलीत ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं, जितकं तापतं तितकं भरभर घट्ट होतं, आणि पुण्याच्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटांत धूर सोडणारा दगड होतो. जमिनीवर पातळ पसरलं की उष्णता काँक्रीटमध्ये निघून जाते आणि वेळ मिळतो. म्हणून बादली आली की लगेच ओतायची. घावनाच्या पिठाएवढं पातळ राखाडी मिश्रण लांब पट्ट्यांत पडत गेलं. तळव्यांना खिळे लावलेल्या चपला घालून मामा त्यात उतरले आणि दातेरी पत्र्याने अर्धवर्तुळं काढत मागे सरकू लागले. दात्यांची उंची म्हणजेच थराची जाडी. त्यांच्यामागून दुसरा काटेरी रोलर फिरवत होता, हवा सोडवायला. आधीच्या बादलीची कड ओली असेपर्यंत पुढची बादली तिला भिडली पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. कुणी बोलत नव्हतं. मामा मान वर न करता नुसती बोटं दाखवत आणि तेवढ्या अंतरावर बादली रिकामी होई. गवंड्याचा हात काय असतो, ते त्या तासाभरात दिसलं. खडूचा चौकोन मात्र कोरडा सोडून दिलेला होता.

त्या चौकोनात काय चाललं होतं, ते आता सांगायला हवं. शेडची जमीन मातीवर टेकलेली असते. काँक्रीट ओतण्याआधी खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायला हवा. तो अंथरला नाही, किंवा सळया बांधताना फाटला, की मातीतली ओल काँक्रीटच्या केसाएवढ्या वाटांतून वर चढते. काळ्या मातीत तर पाऊस संपला तरी ती महिनोन्‌महिने येत राहते. वर इपॉक्सी नसेल तर ती नकळत उडून जाते. इपॉक्सी आली की ती थराखाली अडकते, सिमेंटमधले क्षार तिच्यात विरघळतात, आणि ते खारट पाणी खालचं गोडं पाणी आणखी ओढून घेतं. दाब वाढतो. काही महिन्यांनी जमिनीवर फोड दिसू लागतात. टोकदार काहीतरी टोचलं तर आतून द्रव उडतो.

ओल ही पहिली अडचण, दुसरी वेळेची. काँक्रीटला २८ दिवस झाले की झालं, असं मालक धरून चालतात. पण २८ दिवस ताकदीचे आहेत, सुकण्याचे नाहीत. दर इंच जाडीला साधारण महिना, हा सुकण्याचा जुना ठोकताळा आहे. सहा इंची जमिनीला तेवढा धीर कुणापाशी असतो? यंत्रांची जहाजं निघालेली असतात, उद्घाटनाची तारीख छापलेली असते. ओल अडवणारे खास प्रायमर मिळतात, पण त्यांचा खर्च ऐनवेळी कुणालाच नको असतो. शेडच्या कामात इपॉक्सी शेवटी येते, म्हणून आधीच्या सगळ्यांनी खाल्लेले दिवस तिच्या वाट्यातून जातात.

तिसरी हवेची. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावं लागतं. पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ येतो. म्हणजे जमीन २७च्या वर हवी, आणि सावलीतली जमीन हवेपेक्षा थंडच असते. तरीही ओतलं तर हार्डनर हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतो आणि वर पांढुरकी, मेणचट साय धरते. तिच्यावर पुढचा हात चिकटत नाही. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम बंद शेडमध्ये हवा कोरडी करूनच करता येतं.

आणि चौथी अडचण काम करणाऱ्यांच्या शरीराची, जी कुठल्याच माहितीपत्रकात नाही. काँक्रीटच्या वरची दुबळी साय काढायला ग्राइंडर फिरवावा लागतो. तो उडवतो ती सिलिकाची धूळ. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. त्या टोळीतल्या एका ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला होता, दुसऱ्यावरच्या मुलाने तोंडाला रुमाल बांधला होता. रुमालाने ही धूळ अडत नाही. हार्डनर कातडी जाळतो, आणि न वाळलेलं रेझिन वारंवार लागलं की काहींना त्याची ॲलर्जी बसते. ती जन्मभर राहते, मग नुसता थेंब लागला तरी हात सुजतात. वर हात धुवायला थिनर वापरतात, त्याने कातडीचं तेल निघून रसायन आणखी आत शिरतं. मामांच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा होत्या. एक चांगला कारागीर पोरगा याच त्रासापायी काम सोडून गावी गेला, असं ते म्हणाले. दहा-बारा वर्षांनी तयार होणारा हात नायट्रिलच्या मोज्यांअभावी जात असेल तर ती मला न परवडणारी गोष्ट वाटते.

घरासाठी विचारणाऱ्यांना माझं मत सांगतो. गाडीची जागा, छोटं वर्कशॉप, वरच्या मजल्यावरची खोली, इथे इपॉक्सी जरूर करावी. धातूची झाक असलेला किंवा रंगीत चकत्यांचा थर सुंदर दिसतो. पण बाल्कनीत आणि उन्हाच्या खिडकीपाशी ती पिवळी पडते, त्यावर वेगळा पीयूचा हात लागतो. ओल्या न्हाणीघरात गुळगुळीत इपॉक्सीवर म्हातारं माणूस घसरेल. तळमजल्यावर, विशेषतः जांभ्याच्या जुन्या घरात, ओल तपासल्याशिवाय घालूच नये. शहाबादी फरशी फुटली तर तेवढी एक उपसून बदलता येते. इपॉक्सीत ठिगळ कायम दिसतं, आणि ती उखडायची तर पुन्हा तोच ग्राइंडर, तीच धूळ. साध्या गोदामाला तर चांगलं ट्रिमिक्स, म्हणजे व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट, आणि त्यावर हार्डनिंगचा हात पुरतो. अशा ठिकाणीही इपॉक्सी विकली जाते, ते मला पटत नाही.

काम द्यायचंच असेल तर दरपत्रकात रंगाच्या नावाआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ओलीची चाचणी कुठे आणि किती ठिकाणी करणार, ती नापास झाली तर वाढीव दिवस आणि प्रायमरचा खर्च कोण देणार, ग्राइंडरला व्हॅक्यूम असेल का, आणि कामगारांना मास्क व मोजे कुणाच्या खर्चाने मिळणार. चाकणच्या त्या दरपत्रकात यातली एकही नव्हती. चौकोन कोरडा सोडण्याचा निर्णय मामांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि उशिराबद्दल मालकांचा फोनही त्यांनाच आला.