लोखंडी भिंतीपलीकडील प्रवाह

बीडच्या खजाना विहिरीचें पाणी भूमिगत मार्गानें शेतांस जातें. तें कोठून निघतें व कोठें पोहोंचतें हें आपणांस दिसतें. मध्यंतरीं त्याचें काय होतें हें दिसत नाहीं. मोठ्या कारखान्यांत हीच अडचण गंभीर रूप धारण करते. तेलशुद्धीच्या उंच स्तंभांत द्रव खालीं उतरतो, वाफ वर चढते, आणि छिद्रयुक्त तबकड्यांवर दोहोंची गांठ पडते. एखादी तबकडी निखळली किंवा फेंसानें भरली, म्हणजे उत्पादन बिघडतें. दोष पाहण्यास स्तंभ उघडावा, तर कारखाना बंद पडतो. शिवाय आंतील ज्वालाग्राही वाफेमुळें कामकऱ्यांच्या जीवास धोका असतो. मग न उघडतां आंत कसें पाहावें?

पॉल विलार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०० सालीं शोधलेले गॅमा किरण येथें साहाय्यास येतात. ते लोखंडांतूनही आरपार जातात. मात्र वाटेंत जितकें द्रव्य अधिक, तितके ते क्षीण होतात. सीझियम-१३७ च्या किरणांची तीव्रता सुमारें ८ सेंटिमीटर पाण्यांत निम्मी होते. लोखंडास तेवढ्यासाठीं सुमारें सव्वा सेंटिमीटर जाडी पुरते. वाफेंत मात्र ती फारच थोडी घटते. म्हणून एका बाजूस किरणांचा उगम व समोर मापक ठेविला, कीं त्या रेषेवर एकंदर द्रव किती हें समजतें.

पण तो नेमका कोठें आहे, हें एका रेषेवरून समजत नाहीं. समजा, कोठाराच्या चार खोल्या चौकोनांत आहेत. वरच्या दोहोंत मिळून ४ पोतीं, खालच्या दोहोंत ६. डाव्या दोहोंत ५, उजव्या दोहोंतही ५. प्रत्येकींत किती? उत्तरें अनेक निघतात. परंतु वरची डावी व खालची उजवी मिळून ७ आहेत असें कळतांच एकच उत्तर उरतें: वर ३ व १, खालीं २ व ४. असेंच अनेक दिशांनीं माप घेऊन गणितानें आंतील छेदाचें चित्र रचतात. यास टोमोग्राफी म्हणतात. त्याचें गणित योहान राडोन यांनीं १९१७ सालींच मांडिलें होतें. रुग्णालयांतील सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालतो. मापनास वेळ लागतो व प्रवाह तर क्षणोक्षणीं बदलतो. म्हणून हें चित्र बहुधा सरासरीचें असतें.

मुंबईंत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं कारखान्यांतील स्तंभ गॅमा किरणांनीं तपासले आहेत. त्या पद्धतींत एकाच दिशेनें वरून खालीं माप घेतात. अनेक दिशांनीं छेदचित्र काढणें ही पुढची पायरी होय. किरण निघून गेल्यावर आंतील द्रव किरणोत्सर्गी होत नाहीं. तथापि उगम शिशाच्या जाड पात्रांत ठेवावा लागतो, आणि प्रशिक्षितांवांचून कोणीं त्यास हात लावूं नये.

परळीचें विद्युत्केंद्र असो वा साखर कारखाना, बंद नळांतून द्रव व वाफ वाहतच असतात. आमचे कांहीं विद्यार्थी उद्यां तेथें काम करतील. ज्यांस आज समीकरणें रुक्ष वाटतात, त्यांनीं वरील चार खोल्यांचें कोडें एकदां स्वतः सोडवून पाहावें. लोखंडापलीकडे पाहण्याची विद्या त्यांतच आहे.