मालवणचे प्रवाळ आणि डोंगरउतारावरचा गाळ

प्रवाळ म्हटले की अंदमान किंवा लक्षद्वीप आठवते. फार तर कच्छच्या आखाताचा रखरखीत किनारा, जिथे १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखालीही जिवंत प्रवाळ आहेत, हे मात्र कोकणातील पुष्कळांना ठाऊक नसते. १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून किल्ला व पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो.

या पट्ट्यातील पुळणीही पाहण्यासारख्या आहेत. जिल्ह्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेला काळ तापलेली वाळू आणि खारा वारा. तिथे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा तग धरतात व वाळू जागच्या जागी रोखतात. खाडीच्या चिखलात कांदळवन उभे राहते. त्यातील पांढरी चिप्पी ही २०२० पासून महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष आहे.

प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसते. पाणी तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. असे विरंजन मालवणातही नोंदले गेले आहे. समुद्राचे तापमान शेतकऱ्याच्या हाती नाही. पाण्याचा गढूळपणा मात्र काही अंशी आहे. उतारावरील उघडी जमीन पहिल्या पावसात धुपते, माती ओढ्याने खाडीत व तेथून समुद्रात जाते. पाण्यात प्रकाश शिरत नाही आणि बसलेला गाळ प्रवाळाला गुदमरवतो. कांदळवनाची मुळे यातील बराच गाळ अडवतात. म्हणून खाजणाच्या बांधासाठी कांदळ तोडणे हा दुहेरी तोटा ठरतो.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात भाताची 'श्री' पद्धत घेतली गेली. कोवळे रोप, एका चुडात एकच रोप, अंतर २५ सेंटिमीटर आणि सेंद्रिय खताचा वापर. त्याच प्रकल्पात मच्छीमारांना चौकोनी आसाची जाळी देण्यात आली, कारण त्यांतून लहान मासे निसटून जातात. अभयारण्याविषयी मच्छीमारांच्या मनात सुरुवातीपासून अढी आहे. ती समजण्यासारखीही आहे, कारण निर्बंध आधी आले आणि उपजीविकेचे पर्याय फार उशिरा. कालवे व खेकडापालनाचे गट पुढे आले ते त्यानंतरच.