वऱ्हाडी बोली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या बाजारात वऱ्हाडी, गोरमाटी, हिंदी आणि शाळेतली मराठी शेजारी-शेजारी नांदतात. तरी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात. या हसण्यामागचे समज तपासायला हवेत.

गैरसमज : वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध मराठी.
वस्तुस्थिती : वऱ्हाडीला स्वतःचे नियम आहेत. ‘मला, तुला’चे ‘मले, तुले’ होते, ‘तो येईल’चे ‘तो येईन’, ‘डोळा’चा ‘डोया’. ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात (१९०५) ही बोली नोंदलेली आहे. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ तेराव्या शतकात वऱ्हाडातल्याच रिद्धपूरला लिहिला गेला. प्रमाण मराठीला आजचा साचा मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६चे. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांची भाषा शाळेत आणि छापखान्यात गेली, म्हणून ती प्रमाण ठरली.

गैरसमज : हिंदीने वऱ्हाडी बिघडवली.
वस्तुस्थिती : वऱ्हाड १९५६पर्यंत मध्य प्रांताशी, पुढे मध्य प्रदेशाशी जोडलेला होता, त्यामुळे हिंदीशी घसट होतीच. ‘काय करून राहिला?’ ही रचना हिंदीच्या जवळची आहे. पण कागद, जमीन, वकील हे शब्द प्रमाण मराठीनेही फारसी-अरबीतून घेतले. ती देवाणघेवाण आपण समृद्धी मानतो. मग वऱ्हाडीलाच वेगळा न्याय का?

गैरसमज : प्रतिष्ठित उच्चार मुळातच चांगला असतो.
वस्तुस्थिती : ‘कार’सारख्या शब्दातला शेवटचा ‘र’ गाळणे इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचे आहे. न्यूयॉर्कमध्येही एकेकाळी तसेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे वारे फिरले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी १९६२ साली तिथल्या तीन दुकानांत पाहणी केली, तेव्हा सर्वांत महागड्या दुकानातले विक्रेते ‘र’ सर्वाधिक उच्चारताना आढळले. ध्वनी तोच, मान बोलणाऱ्याच्या पत-प्रतिष्ठेनुसार बदलला.

गैरसमज : दिग्रसकडच्या साऱ्या बोली मराठीच्याच.
वस्तुस्थिती : बंजारा तांड्यांवरची गोरमाटी राजस्थानीच्या गोतातली आहे. यवतमाळ जिल्ह्यातली कोलामी तर द्राविडी कुळातली.

गैरसमज : शाळा आणि टीव्हीपुढे बोली टिकणारच नाही.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर पर्यटकांची गर्दी वाढली, तेव्हा बेटावरच राहू इच्छिणाऱ्यांच्या तोंडी स्थानिक उच्चार उलट ठळक झाले. लॅबोव्ह यांनी हे १९६३ साली मांडले. बोली खरी तुटते ती आईबाप लाजेपोटी लेकरांशी ती बोलायचे थांबतात तेव्हा. प्रमाण मराठी मुलांना जरूर शिकवावी, पण ‘मले’ म्हटल्याबद्दल त्यांना रागावू नये. दोन्ही भाषा पेलण्याची ताकद त्यांच्यात आहे.