विधी धर्माचा, नोंद सरकारची

जळगाव-धुळ्याकडे समलिंगी विवाहाचा विषय निघाला की पहिली शंका बहुधा देवळाची येते. ‘उद्या कायदा झाला तर आमच्या भटजींना, काझींना, पाद्रींना अशी लग्नं लावावीच लागतील.’ या शंकेमागची धास्ती खरी आहे, पण तिला आधार नाही. २०२३ साली समलिंगी विवाहाच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली तेव्हाच न्यायालयाने सांगितलं होतं, की धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही. मुख्य वाद होता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात सप्तपदी नाही की निकाह नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदारांसह सही करायची, एवढंच. १८७२ च्या जुन्या कायद्यात अशा लग्नासाठी ‘आम्ही हिंदू नाही, मुस्लिम नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९५४ मध्ये ती अट गेली. म्हणजे या मार्गाने लग्न करणाऱ्याला आपला देव सोडावा लागत नाही आणि दुसऱ्याच्या देवालाही कोणी हात लावत नाही.

विधी आणि नोंद या दोन गोष्टी आपल्याकडे रोजच वेगळ्या चालतात. देवक बसतं, हळद लागते, मांडवात अक्षता पडतात आणि नंतर दाखल्यासाठी माणूस ग्रामसेवकाकडे जातो. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजाची लग्नं त्यांच्या रूढीने होतात. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागूच होत नाही. बाहेरही हाच वेगळेपणा पाळला गेला: इंग्लंडने २०१३ साली समलिंगी विवाहाचा कायदा केला, तेव्हा कोणत्याही धर्मसंस्थेवर असे विवाह लावण्याची सक्ती केली नाही. तिथल्या अधिकृत चर्चला तर त्यातून वगळूनच ठेवलं.

दुसरा गैरसमज नेमका उलटा आहे. ‘कोर्टाने परवानगी दिली ना?’ नाही दिली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलायचा तर तो संसदेने. ‘सिव्हिल युनियन’ म्हणजे विवाहाखेरीजच्या कायदेशीर नात्याचा हक्कही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी नाकारला गेला. पुनर्विलोकनाच्या याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या.

म्हणून असं नातं हा गुन्हा आहे का? तर तोही नाही. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं. सोहळा करण्यावर तर कधीच बंदी नव्हती. शेजारच्या विदर्भात, यवतमाळला, डिसेंबर २०१७ मध्ये दोन पुरुषांनी आप्तेष्टांच्या साक्षीने आपला लग्नसोहळा केला होता. फक्त त्याची सरकारदरबारी नोंद होत नाही.

‘हे मुंबई-पुण्याचं खूळ, खानदेशात असलं काही नाही’ हे तर सरळ चूक आहे. लग्नाचा नसला तरी लिंगओळखीचा प्रश्न इथेही उभा राहिला: जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकला ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला जागेवरचा अर्ज नाकारला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि गावाने त्यांना निवडून दिलं. विवाहाच्या निकालातही एक गोष्ट पाचही न्यायमूर्तींनी मान्य केली आहे: तृतीयपंथी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल, तर आजच्याच कायद्यांखाली तिचं लग्न वैध आहे. तमिळनाडूत असं एक लग्न २०१८ साली मंदिरात रीतसर लागलं होतं. नोंद करायला नकार दिला तो सरकारी कार्यालयाने, आणि २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती करायला लावली.

श्रद्धाळू माणूस विरोधातच उभा राहणार, असंही धरून चालू नये. विरोध आहे, आणि ‘जमियत उलमा-ए-हिंद’सारख्या संघटनांनी तो न्यायालयात उघडपणे मांडला, तो त्यांचा हक्कच आहे. पण एकेकाळी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, ते विठ्ठलावरच्या भक्तीपोटीच. त्यांचा प्रश्न वेगळा होता हे खरं. तरीही भक्ती माणसाला दार उघडायला लावू शकते, हे खानदेशाने पाहिलेलं आहे. माझ्या मते नोंदीचा हक्क द्यायला हवा, कारण त्याने कुणाच्याही पूजेत काही कमी होत नाही.

तो मिळेपर्यंत जोडप्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. जोडीदार कायदेशीर वारस ठरत नाही, तेव्हा स्वकष्टाचं घर-शेत त्याला मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र करून ठेवा. संयुक्त बँक खातं उघडण्यावर आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यावर बंदी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरच्यांकडून धाक-दडपण येत असेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.