पृष्ठस्थ स्नायुविद्युत् संकेतांवरून हाताच्या हालचालींची ओळख : यांत्रिक अध्ययनाची पद्धत आणि अचूकतेचा प्रश्न

सारांश : त्वचेवर लावलेल्या संवेदकांनी टिपलेल्या स्नायूंच्या विद्युत् संकेतांवरून हाताची हालचाल कशी ओळखली जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अशा अभ्यासांत सांगितल्या जाणाऱ्या अचूकतेच्या टक्केवारीचा अर्थ कसा लावावा, याकडेही लक्ष वेधले आहे.

१. प्रस्तावना

उजव्या हाताची मूठ घट्ट वळून डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपला असता तेथील स्नायू ताठ झालेले जाणवतात. बोटे वाकविणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या प्रमुख स्नायूंचा मांसल भाग तळहातात नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतो. बोटांपर्यंत पोहोचतात त्या त्यांच्या कंडरा. प्रस्तुत विषयाचा पाया हीच शारीरिक वस्तुस्थिती होय. कडबाकुट्टी यंत्रात किंवा कारखान्यातील प्रेसमध्ये मनगटापासून हात गमावलेल्या व्यक्तीच्या अंगी हे स्नायू बऱ्याच अंशी शिल्लक असतात. तिने मूठ वळण्याचा प्रयत्न केला की ते आकुंचन पावतात. फक्त वळण्यासाठी मूठ नसते. तो प्रयत्न ओळखून कृत्रिम हाताला आज्ञा देणे, हे या संशोधनाचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे.

२. संकेताचे स्वरूप

मज्जारज्जूतील एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या अधीन असलेले स्नायुतंतू मिळून एक प्रेरक एकक होते. आकुंचनाच्या वेळी अशा अनेक एककांत विद्युत् स्पंद निर्माण होतात व त्यांची बेरीज त्वचेवरील इलेक्ट्रोडला जाणवते. हा संकेत अतिशय क्षीण, म्हणजे जास्तीत जास्त काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. त्याची उपयुक्त ऊर्जा साधारणतः ५०० हर्ट्झच्या आत सामावलेली असल्याने दर सेकंदाला किमान १००० नमुने घ्यावे लागतात.

आपल्याकडील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ती नेमकी याच पट्ट्यात येते. त्यामुळे विजेचा गोंगाट गाळताना स्नायूंच्या माहितीचाही थोडा अंश गाळला जातो. तसेच एका इलेक्ट्रोडला त्याच्या खालच्या स्नायूबरोबर शेजारच्या स्नायूंचाही संकेत ऐकू येतो. म्हणूनच ‘अमुक इलेक्ट्रोड म्हणजे अमुक बोट’ असा सरळ नियम लिहिता येत नाही आणि यांत्रिक अध्ययनाची गरज निर्माण होते.

३. संकेतापासून निर्णयापर्यंत

अखंड संकेताचे प्रथम छोटे कालखंड पाडले जातात. समजा, १२ इलेक्ट्रोड आहेत, प्रत्येकावर सेकंदाला २००० नमुने घेतले जातात आणि कालखंड २०० मिलिसेकंदांचा आहे. मग प्रत्येक इलेक्ट्रोडचे ४०० याप्रमाणे एका कालखंडात ४८०० आकडे येतात. त्यांतून मोजकी लक्षणे काढली जातात. १९९३ मध्ये कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या हजिन्स, पार्कर आणि स्कॉट यांनी मांडलेल्या पद्धतीतील लक्षणे आजही वापरात आहेत. संकेताच्या निरपेक्ष मूल्याची सरासरी, त्याने शून्यरेषा किती वेळा ओलांडली, त्याचा चढ-उतार किती वेळा पालटला आणि तरंगाची एकूण लांबी, ही त्यांतील चार होत. प्रत्येक इलेक्ट्रोडची चार लक्षणे घेतल्यास ४८०० आकड्यांऐवजी ४८ आकडे उरतात.

पुढचे काम वर्गीकारकाचे असते. ‘हे ४८ आकडे मूठ वळतानाचे, हे चिमटीत धरतानाचे’ अशी नावे दिलेली उदाहरणे त्याला पुरविली जातात आणि तो त्यांतून वर्गांमधील सीमारेषा शिकतो. रेषीय विवेचक विश्लेषण, सपोर्ट व्हेक्टर मशीन आणि रँडम फॉरेस्ट या त्यासाठीच्या रूढ पद्धती होत. अलीकडे बहुस्तरीय न्यूरल नेटवर्क मूळ संकेतावरून स्वतःच लक्षणे शिकतात. मात्र त्यांना उदाहरणे पुष्कळ लागतात. कालखंड मोठा घेतला तर निर्णय स्थिर होतो, पण हात उशिरा हलतो. हा विलंब सुमारे ३०० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे.

४. अचूकतेचा आकडा

कालखंड सामान्यतः एकमेकांवर सरकत घेतले जातात. २०० मिलिसेकंदांचा कालखंड दर ५० मिलिसेकंदांनी पुढे सरकविल्यास लगतच्या दोन कालखंडांत ४०० पैकी ३०० नमुने तेच असतात. आता सर्व कालखंड एकत्र मिसळून त्यांतील काही शिकवणीसाठी आणि काही चाचणीसाठी यादृच्छिकपणे निवडले, तर चाचणीतील बराच भाग वर्गीकारकाने आधीच पाहिलेला असतो. शिकवणी वर्गात सोडवून घेतलेलेच प्रश्न परीक्षेत विचारावेत, तसा हा प्रकार होय. आकडा उंच येतो, परंतु त्यावरून आकलन सिद्ध होत नाही.

निनाप्रो या मुक्त आधारसामग्रीच्या दुसऱ्या संचात ४० धडधाकट व्यक्तींच्या हालचाली नोंदविल्या असून प्रत्येक हालचालीची ६ आवर्तने आहेत. तिच्या कर्त्यांनी दुसरे व पाचवे आवर्तन चाचणीसाठी संपूर्णपणे बाजूला ठेवले. अशा रीतीने, विश्रांती धरून ५० वर्गांवर, त्यांनी तपासलेल्या रूढ पद्धतींपैकी सर्वोत्तम पद्धतीची अचूकता सुमारे ७५ टक्के आली. निव्वळ अंदाजाने उत्तर दिल्यास ती २ टक्के आली असती. त्या दृष्टीने हे यश लहान नव्हे. परंतु हात गमावलेल्या ११ व्यक्तींच्या तिसऱ्या संचावर सर्वोत्तम अचूकता सुमारे ४६ टक्केच भरली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे, त्यांच्याच बाबतीत यंत्र निम्म्याहून अधिक वेळा चुकते, ही बाब गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

५. प्रयोगशाळेबाहेर

प्रत्यक्ष वापरात आणखी अडचणी येतात. कृत्रिम हात रोज काढून पुन्हा घालताना इलेक्ट्रोड थोडे सरकतात. घामाने त्वचेचा विद्युत् रोध बदलतो. स्नायू थकले की संकेताची ऊर्जा कमी वारंवारतेकडे झुकते. दंड खाली असताना वळलेली मूठ आणि फडताळापर्यंत हात उंचावून वळलेली मूठ यांचे संकेतही सारखे नसतात. शिवाय सर्व चुका सारख्या किमतीच्या नसतात. मोकळा हात मिटला तर फारसे बिघडत नाही. गरम चहाचा पेला धरलेला हात उघडला तर इजा होते. यासाठी लागोपाठच्या अनेक निर्णयांतून बहुमताने एक निर्णय घेणे, किंवा खात्री नसल्यास हात आहे तसाच ठेवणे, असे उपाय योजले जातात.

२०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मेटा कंपनीच्या संशोधकांनी हजारो व्यक्तींच्या नोंदींवर घडविलेली मनगटपट्टी मांडली. नव्या व्यक्तीसाठी स्वतंत्र शिकवणी न देताही ती चालते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि मनगटपट्टी बांधण्यासाठी मनगट असावे लागते.

६. समारोप

आठ इलेक्ट्रोडांची साधी मांडणी आणि मुक्त आधारसामग्री यांच्या बळावर हा विषय आता महाविद्यालयीन प्रकल्पांच्या आवाक्यात आला आहे. अशा प्रकल्पाचे मार्गदर्शन किंवा परीक्षण करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. चाचणीची आवर्तने शिकवणीपासून पूर्णतः वेगळी ठेवली होती काय? इलेक्ट्रोड काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून चाचणी घेतली काय? कोणती हालचाल कोणत्या हालचालीशी गल्लत होऊन ओळखली गेली, याचा तक्ता दिला आहे काय? या प्रश्नांना सामोरे जाऊन आलेली ७० टक्के अचूकता ही त्यांना टाळून मिळविलेल्या ९९ टक्क्यांहून अधिक मोलाची मानावी. कारण त्या आकड्यावर विसंबून उद्या कोणीतरी भरलेला पेला उचलणार आहे.